गोळी, बोलणे आणि तिसरे दरपत्रक

सव्वीस वर्षांच्या सरकारी नोकरीत "तुमची मर्जी" हे शब्द मला पहिल्यांदा ऐकू आले ते एका डॉक्टरच्या तोंडून, आणि तिथंच घात झाला.

डॉक्टर नांदेडचे. दर गुरुवारी हिंगोलीत येतात आणि एका औषधाच्या दुकानावरच्या माडीत बसतात. मनाचे डॉक्टर, पण पाटीवर 'मेंदू व झोपेचे विकार' असं लिहिलंय. 'मन' लिहिलं तर जिना चढणार कोण? मीसुद्धा चढण्याआधी खाली दुकानात खोकल्याचं औषध घेतलं होतं. ओळखीचं कोणी भेटलंच तर पुरावा हाताशी असावा म्हणून. वर जाऊन बघतो तर बाकावर सात माणसं, आणि सातांपैकी पाचांच्या हातात तीच खोकल्याची बाटली. आम्ही एकमेकांकडे बघून थोडं थोडं खोकलो.

डॉक्टरांनी विचारलं, "कशाची चिंता वाटते?"

मी म्हणालो, "कशाचीही चालते."

खोटं नव्हतं. गेले अकरा महिने माझं डोकं म्हणजे सुट्टीच्या दिवशीही उघडं राहणारं कार्यालय झालं होतं. घरून निघालो की गॅसची चिंता. गॅस बंद करून परत निघालो की कुलपाची. औंढा रोडला लागलो की आईच्या गुडघ्याची, आणि गुडघा बरा असला तर तो बरा का आहे याची. छातीत धडधड, हाताला घाम, पोटात गोळा. आणि या सगळ्यांच्या वर बसलेली मुख्य चिंता: मार्चमध्ये अधीक्षकपदाची यादी लागणार होती, सेवाज्येष्ठतेत माझा नंबर पहिला होता, आणि तोवर यातलं काहीही कोणालाही कळता कामा नये.

डॉक्टर म्हणाले, "याला चिंतारोग म्हणतात. घाबरू नका."

घाबरू नका म्हणायला यांचं काय जातं? घाबरणं हाच तर आजार.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक, रोज एक गोळी. दोन ते चार आठवड्यांनी फरक वाटायला लागतो. सुरुवातीला जरा मळमळेल, अस्वस्थ वाटेल. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. दुसरा, बोलण्याचा उपचार. आठवड्याला एक बैठक, अशा बारा-पंधरा. समुपदेशक विचार कसे तपासायचे ते शिकवतात, घरचा अभ्यास देतात. वेळ लागतो, पण शिकलेलं पुढंही पुरतं. गुण दोन्हींचा साधारण सारखा. दोन्ही एकत्रही चालतात. तुमची मर्जी."

आता मी भांडारपाल आहे. आमच्या कार्यालयातली टाचणी कोणत्या फळीवर, कितव्या डब्यात आहे ते मी डोळे मिटून सांगेन. पण ती टाचणी विकत घ्यायची की नाही, हे मी आयुष्यात कधी ठरवलेलं नाही. आमच्याकडे पद्धत असते. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता तयार करायचा, शेजारीशेजारी रकाने, खाली शिफारस, आणि मग साहेब सही करतील ते खरं. माझं लग्नसुद्धा वडिलांनी तीन मुली बघून ठरवलं होतं. तिसरी संध्या.

तेव्हा मी घरी आलो आणि वहीत तक्ता आखला. रकाना एक, गोळी. रकाना दोन, बोलणे. आणि तिथंच अडलो. दरपत्रकं दोनच! दोनाचा तक्ता कोणत्या नियमात बसतो? लेखापरीक्षक आक्षेप घेईल. माझ्या मनाच्या दुरुस्तीचं लेखापरीक्षण कोण करणार, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. आजारी होतो, हे विसरू नका.

तिसरा पर्याय शोधायला मी शेजारच्या संतराम गुरुजींकडे गेलो. गुरुजी सेनगाव तालुक्यात तीस वर्षं मास्तर होते. निवृत्त होऊन आता ते अख्ख्या गल्लीला पहिलीपासून पुन्हा शिकवतात.

"गुरुजी, माझा एक मित्र आहे," मी सुरुवात केली, "त्याला सारखी काळजी वाटते."

"मित्राचं नाव रत्नपाल खिल्लारे का?"

"नाही, नाही. तो कळमनुरीचा."

"मग त्या कळमनुरीच्या रत्नपालला सांग, वारंगा फाट्यावर एक जण नस दाबून देतो. माझ्या साडूची कंबर तिथंच बरी झाली."

"पण याची कंबर नाही हो, मन..."

"मन कुठं असतं? नसेतच असतं. आणि हे बघ, खरं औषध सांगू? मनावर घ्यायचं नाही. बस्स. आमच्या काळात कोणाला होती का चिंता? बारा लेकरं असायची, चिंता करायला सवड कुठं होती?"

मी वहीत तिसरा रकाना भरला: मनावर न घेणे. पुरवठादार, संतराम गुरुजी. कालावधी, तत्काळ. दुष्परिणाम, नाहीत. गुप्तता, पूर्ण. गुण, अकरा महिने वापरून पाहिले, निरंक. आता 'निरंक' म्हणजे आमच्या भाषेत शून्य. शून्याला मान असावा म्हणून काढलेला शब्द.

आईला मात्र मी काहीच विचारलं नव्हतं. तरी ती तिच्या खाटेवरून बोललीच. आई मालनबाई, शिरड शहापूरची. ऐकू कमी येतं, त्यामुळे तिला सगळं दिसतं.

"काहून रे, सारखा वहीत काय लिहून राहिला? पोरगं परीक्षेला बसल्यावानी!"

"हिशेब आहे आई, ऑफिसचा."

"हापिसचा हिसोब घरी, न् घरचा हिसोब कुटं ठिवतो?"

संध्या स्वयंपाकघरात होती. तिनं काही विचारलं नाही. माझ्या बायकोचा हा गुण मी नेहमी वाखाणत आलो: कधी काही विचारत नाही.

खरेदीआधी नमुना बघायचा असतो. गोळीचा नमुना कसा बघणार? म्हणून आधी बोलण्याचा बघितला. सरकारी दवाखान्यात निता मॅडम नावाच्या समुपदेशक होत्या. कंत्राटी. खोली नव्हती, पडद्याचा आडोसा होता, आणि पडद्यापलीकडे रक्तदाब तपासायची रांग. त्यामुळे आम्ही कुजबुजत बोलायचो. मी मनातलं सांगायला लागलो की रांगेतला खोकला थांबायचा. एकदा मी म्हणालो, "कधी कधी वाटतं, मी एकाएकी मरून जाईन," तर पडद्यामागून एक म्हातारी म्हणाली, "व्हय बाप्पा, मलेबी तसंच वाटते."

पण बाई हुशार. त्यांनी मला पहिल्याच बैठकीत ओळखलं आणि एक वही करायला सांगितली: एका रकान्यात चिंता, तारखेसह, आणि दुसऱ्यात पुढं प्रत्यक्ष काय झालं ते. चिंतेची साठा नोंदवही! अकरा महिन्यांत मला कोणी इतकं सुख दिलं नव्हतं. तीन आठवड्यांत एक्केचाळीस नोंदी केल्या. गॅस फुटला का? नाही. कुलूप उघडं राहिलं का? नाही. आईचा गुडघा? होता तिथंच आहे. एक्केचाळिसांपैकी एकही चिंता खरी ठरली नव्हती, आणि हे माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईनं लिहिलेलं असल्यामुळे त्यावर आक्षेप घ्यायला जागा नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एकदा तर मी औंढा रोडवरून गॅससाठी मागे फिरलो नाही. सरळ गेलो. लोकांना ही गोष्ट छोटी वाटेल. त्यांनी जाऊन आपापला गॅस बघावा.

तिसऱ्या बैठकीत निता मॅडमनी विचारलं, "घरी कोणाशी बोलता?"

"बोलतो की. सिलेंडर संपलं, पाणी आलं, आईला दवाखान्यात न्यायचंय..."

"तसं नाही. हे सगळं मिसेसना माहिती आहे?"

मी वहीची पानं चाळायला लागलो. पडद्यापलीकडचा खोकला थांबला.

"मग या आठवड्याचा अभ्यास एकच," त्या म्हणाल्या. "वहीतली एक चिंता त्यांना सांगायची. फक्त एक. त्या काय म्हणतात ते दुसऱ्या रकान्यात लिहून आणा."

एक्केचाळिसांतून एक निवडायला मी चार दिवस घेतले. शेवटी ठरवलं, आधी तुलनात्मक तक्ता पक्का करू, मग बघू. अवघड काम पुढं आलं की सोपं काम नेटकेपणानं करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तक्ता पक्का करायचा म्हणजे टंकलिखित करायचा. हातानं लिहिलेल्या तक्त्याला मी स्वतःच कधी हात लावत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कार्यालय रिकामं असताना, संगणकावर सुबक तक्ता केला. तीन रकाने, सहा निकष. वर शीर्षक: चिंता निवारणार्थ प्राप्त पर्यायांचा तुलनात्मक तक्ता. छापायची आज्ञा दिली. प्रिंटर सरिता मॅडमच्या टेबलाजवळ, आवक-जावक शाखेत. प्रिंटरमध्ये कागद नाही.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं समोरच्या टेबलावरचे चार कागद उचलून घातले असते. पण कागद भांडारातून मागणीपत्राशिवाय द्यायचा नाही, हा नियम या कार्यालयात मीच लावलेला. या नियमापायी मी माणसं तोडली आहेत. मी भांडारात गेलो, स्वतःच्या नावानं मागणीपत्र भरलं, स्वतःच ते तपासलं, मंजूर केलं, नोंदवहीत नोंद घेतली आणि रिम काखेत मारून परत आलो.

तोवर सरिता मॅडम डबा खाऊन आल्या होत्या. त्यांनी चार कागद घातले होते. तक्ता बाहेर पडला होता, आणि त्या कर्तव्यदक्ष बाईनं त्यावर आवकचा शिक्का मारून, क्रमांक टाकून, तो साहेबांच्या टपालात पाठवूनही दिला होता.

"अहो मॅडम, तो माझा खासगी कागद होता!"

"खासगी? खाली तुमचं नाव, पद, आणि 'मंजुरीस्तव सविनय सादर' असं लिहिलं होतं की हो."

लिहिलं होतं. मला आठवतही नव्हतं. सव्वीस वर्षं प्रत्येक कागदाच्या शेवटी बोटं ते आपोआप लिहीत आली आहेत. किराणा सामानाच्या यादीखालीसुद्धा मी एकदा लिहिलं होतं.

"शिक्का रद्द करा," मी म्हणालो.

"रद्द करायला साहेबांची मंजुरी लागते, खिल्लारे साहेब. तुमीच सांगत असता नं, नियम म्हणजे नियम?"

असं म्हणून त्यांनी मला त्यांच्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड दिली. मागच्या दिवाळीत मी त्यांना जादा पेन नाकारला होता. फोड फार आंबट होती.

मोहनसिंग साहेबांनी कागद संध्याकाळपर्यंत ठेवला. परत आला तेव्हा त्यावर हिरव्या शाईत शेरा होता: चर्चा करा.

आणि कार्यालयानं चर्चा केली. साहेबांचा कोणताही आदेश इतक्या तत्परतेनं अमलात आल्याचं मला आठवत नाही. कोणी म्हणालं, गोळीनं माणूस झोपाळू होतो. तो स्वतः रोज तीन ते चार टेबलावर डोकं ठेवून झोपतो, गोळीविना. कोणी म्हणालं, बोलून काय होतंय, बोलायचंच तर आमच्याशी बोला की. मी बोललो नाही, तरी ते बोलले. हरिचंद नावाचा आमचा कनिष्ठ लिपिक, ज्याला बदाम आणि बेदाणा यांतला फरक कळत नाही, त्यानं मला रोज सात बदाम खायला सांगितले. आणि यातले चौघे जण, वेगवेगळ्या वेळी, जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळ, एक तर चक्क शौचालयाच्या दाराशी, हळूच म्हणाले, "खिल्लारे साहेब, तेवढी झेरॉक्स भेटेल का? मेव्हण्यासाठी पाहिजे." चौघांचेही मेव्हणे कळमनुरीचे असावेत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. मोहनसिंग साहेब माणूस वाईट नाही. वाईट माणसाचा राग तरी करता येतो.

"बैठिए, खिल्लारे. अरे, ये क्या तकलीफ लगा ली? तुम्ही तर आपले सगळ्यात पक्के माणूस!"

"सर, चुकून आलं टपालात. खासगी होतं."

"खासगी कसलं? आपण एक फॅमिली. मी नीट वाचलं. तक्ता एकदम बराबर केलाय. तीन नंबरचा पर्याय सबसे अच्छा. वेळ नाही, त्रास नाही. मी मंजुरी दिली."

त्यांनी कागद पुढं सरकवला. हिरव्या शाईत: अ.क्र. ३ मान्य. मनावर घेऊ नये. खाली सही, तारीख.

गुणाचा रकाना त्यांनी वाचलाच नव्हता. आमच्याकडे तो कोणी वाचत नाही.

"आणि हे दुसरं," ते म्हणाले, आणि नजर खिडकीकडे नेली. दुसरा कागद कार्यालयीन आदेश होता. श्री. रत्नपाल खिल्लारे यांना प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती मिळावी म्हणून भांडाराचा कार्यभार श्री. हरिचंद यांच्याकडे सोपवण्यात येत आहे. "टेंपररी है. भांडार म्हणजे जिम्मेदारी. उद्या काही कमी-जास्त झालं तर लोक म्हणतील, आजारी माणसाच्या हाती दिलंच कसं? तुमच्याच भल्यासाठी."

"आणि सर, मार्चची यादी?"

"देखेंगे. मनावर घेऊ नका."

एका कागदावर मनावर घेऊ नये असा लेखी आदेश आणि दुसऱ्यावर मनावर घेण्यासारखा मजकूर, दोन्हींवर एकच सही. मी दोन्हींची पोच दिली. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. सतरा किल्ल्या. हरिचंदनं त्या न मोजता खिशात टाकल्या. जाताना बघितलं तर भांडाराचं दार उघडं, आणि सरिता मॅडम मागणीपत्राशिवाय रिम घेऊन चालल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. प्रेमानंच हसल्या असतील.

चिंतेची वही काढली. नोंद क्रमांक सात: लोकांना कळेल. शेजारच्या रकान्यात लिहिलं: कळलं. नोंद क्रमांक आठ: यादीतून नाव जाईल. तो रकाना मार्चपर्यंत मोकळा ठेवला, पण पेन्सिलनं भरून टाकलाच. एक्केचाळिसात दोन. टक्केवारी वाईट नव्हती; फक्त त्या दोनच चिंता मी खऱ्या अर्थानं करत होतो.

हे सगळं निता मॅडमना सांगावं म्हणून दवाखान्यात गेलो. अभ्यास केला नव्हता, तरी गेलो. पडदा नव्हता. त्या जागी लेकरांचा वजनकाटा होता.

"मॅडमचं कंत्राट संपलं," रांगेपाशी बसलेल्या परिचारिकेनं सांगितलं. "नवीन कोणी आलं तर बोर्डावर लावू."

"पण माझ्या बारा बैठका होत्या. तीनच झाल्या."

"त्यांचे अकरा महिने होते दादा. झाले."

रांगेत ती म्हातारी उभी होती. तिनं मला ओळखलं. "गेली बाई आपली," ती म्हणाली, आणि सरकून मला रांगेत जागा दिली. मी रक्तदाब तपासून घेतला. वाढलेला होता.

म्हणजे बघा, कोणता उपचार चांगला याचा निकाल ना डॉक्टरनं लावला, ना तक्त्यानं. तो एका कंत्राटाच्या तारखेनं लावला. बायकोला एक चिंता सांगायचा अभ्यासही त्यासोबत आपोआप निकाली निघाला असं मी समजलो. तपासणारंच कोणी नाही, तर सादर कुणाला करायचा? खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. चार दिवसांत हायसं वाटलेली ती एकच गोष्ट.

घरी आलो. संध्यानं दार उघडलं. तिला कळलेलं असणारच. गुरुजींच्या घरापर्यंत जे पोचतं ते आमच्या घरी भिंतीतून येतं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या कमरेकडे, जिथं सव्वीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा असायचा.

"वाढू का?" ती म्हणाली.

"वाढ," मी म्हणालो.

जेवणात माझ्या आवडीची भाजी होती. तीही मी मुकाट्यानं खाल्ली.

गुरुवारी माडी चढलो. या वेळी खोकल्याचं औषध घेतलं नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, पुन्हा सगळं समजावलं, आणि म्हणाले, "बोलायची सोय झाली की तेही करा. सोडू नका." मी हो म्हणालो.

आता गोळ्यांची पट्टी घरात ठेवायची कुठं? कपाटात आई हात घालते. खिशात संध्या. पण मी भांडारपाल होतो, माजी का असेना. ज्या वस्तूला मागणी नाही तिच्या डब्यात कोणी हात घालत नाही, हा भांडाराचा पहिला धडा. आमच्या घरी उडीद कोणी खात नाही. आईला वाताचा त्रास, मला आवडत नाही, संध्या म्हणते तिला चालतात, पण तिच्या एकटीसाठी कोण शिजवणार? सगळ्यात वरच्या फळीवर, सगळ्यात मागं उडदाचा डबा. दुपारी, संध्या शेजारी गेलेली असताना, स्टुलावर चढून तो काढला. झाकण उघडलं.

आत एक पट्टी होती.

तेच नाव. तेवढ्याच ताकदीची. दहातल्या सहा गोळ्या संपलेल्या. खाली, उडदात अर्धवट पुरलेल्या, रबरानं बांधलेल्या रिकाम्या पट्ट्यांची चवड. मी मोजल्या. सवयच आहे. सत्त्याण्णव होत्या, आणि सगळ्यात खाली त्याच माडीवरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली. रुग्णाचं नाव, संध्या खिल्लारे. चिठ्ठीला पुढच्या उन्हाळ्यात तीन वर्षं होतील.

मी तसाच स्टुलावर उभा राहिलो. तीन वर्षं. ती कशाकशाला घाबरत असेल, मला एक गोष्ट सांगता आली नसती. कार्यालयातली टाचणी मी डोळे मिटून सांगतो.

शेजारून तिचा आवाज जवळ आला. मी माझी पट्टी तिच्या पट्टीशेजारी ठेवली, झाकण लावलं आणि उतरलो. विचारायला तोंड उघडलं होतं. ती आत आली, स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चहा करू का?"

"कर."

दुसऱ्या दिवशी गोळी घ्यायला डबा काढला. तिच्या पट्टीला लाल रबर लावलेलं होतं. माझ्या पट्टीवर, चंदेरी कागदाच्या कडेला, बॉलपेननं बारीक अक्षरात एक शब्द लिहिला होता: तुमची.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. सुरुवातीचे दहा दिवस मळमळलं. त्या दिवसांत माझ्या ताटात न सांगता मऊ भात येत होता. आता धडधड कमी आहे. यादी लागली, नाव नव्हतं. वहीतला पेन्सिलचा शब्द शाईनं गिरवला. रोज सकाळी आधी ती डबा काढते, मग मी. वेळा ठरलेल्या आहेत, टक्कर होत नाही.

परवा आई खाटेवरून ओरडली, "काहून गं, दोघंबी रोज त्यो उडदाचा डबा उघडून राहिले? उडीद तं कोणीच खात न्हाई!"

संध्या पोळ्या लाटायला लागली, मी वर्तमानपत्र उघडलं.

कार्यभार नसला तरी सवय जात नाही, म्हणून काल महिन्याची साठा पडताळणी केली आणि चिंतेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली. उडीद, पाऊण डबा. गोळ्या, दोन पट्ट्या, नोंदीप्रमाणे बराबर. बोलणे, निरंक.

खाली बोटांनी आपोआप 'मंजुरीस्तव सविनय सादर' लिहायला घेतलं होतं. पण कुणाला सादर करायचं ते आठवेना, म्हणून वही मिटली आणि उडदाच्या डब्याखाली सरकवून ठेवली. स्टूल मुद्दाम तिथंच राहू दिलं.